राहिलेलं टिंब

“मग कमी कोण पडतंय, बुवा? ती, की मी?”

थोमाबुवा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. सकाळीच वावरातून उपटून आणलेल्या, ओल्या मातीच्या शेंगा. त्यांनी मान वर केली नाही.

“कशात?”

“विश्वासात.”

शांतवन पारधे अंगणात उभाच होता. पायांतल्या वहाणाही काढल्या नव्हत्या. काखेत कापडी पिशवी. तिच्यात चिपळ्या, उपरणं आणि आख्यानांची वही. चिपळ्या आणि उपरणं बुवांनीच दिलेली, तो त्यांच्या हाताखाली कीर्तन शिकला तेव्हा. ते परत करायला तो आला होता.

त्या भागात ख्रिस्ती कीर्तन म्हटलं की एके काळी थोमाबुवा ओहोळ यांचं नाव घेत. आता शांतवनचं घेत. येशूनं पक्षघाती माणसाला बरं केलं, ते आख्यान शांतवननंच करावं, असं लोक म्हणत. नुसत्या त्या एका आख्यानासाठी दूरदूरहून बोलावणी येत.

आणि सात महिन्यांपूर्वी त्याच्याच घरात, भाकरी थापता थापता, त्याच्या बायकोचा उजवा हात परातीतच राहिला. उजवी बाजू गेली. वाचा गेली.

“बस,” बुवा म्हणाले.

“बसायला नाही आलो.”

“मग उभ्यानं शेंगा फोड. हात रिकामे कशाला?”

शांतवन बसला. पण शेंगांना हात लावला नाही.

“माझा उपास आहे.”

“फोडायला सांगितल्या. खायला कुठं सांगितल्या? आणि तुझे चाळीस दिवस काल भरले ना? एस्तेर मोजत होती.”

एस्तेर म्हणजे बुवांची सून. ती आत चुलीपुढं होती. तिथूनच म्हणाली, “कालच भरले, मामंजी. मी आज त्यांच्यासाठी गव्हाची खीर ठेवलीय.”

“मी आणखी चाळीस धरलेत,” शांतवन म्हणाला.

बुवांचा हात थांबला.

“देवाला धमकी देतोस होय रे?”

चाळीस दिवस शांतवननं दिवसातून एकदा, दिवेलागणीला, कोरडी भाकर खाल्ली होती. मिठाशिवाय. गालफडं बसली होती. पण बायकोचं सगळं त्यानं स्वतः केलं होतं. तिला न्हाऊ घालायचं, वेणी घालायची, पेज भरवायची. मदतीला आलेल्या शेजारणींना त्यानं दारातूनच वाटेला लावलं. माझा देव समर्थ आहे, म्हणाला.

“काल काय झालं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही झालं.”

“म्हणून तर विचारतोय.”

“काल संध्याकाळी चाळीसावा दिवस संपला. मी गुडघे टेकले. प्रार्थना केली. मग तिच्यासमोर उभा राहिलो. आणि म्हणालो… ऊठ.”

“कुठल्या आवाजात?”

“कीर्तनातल्या.”

“हं. मग?”

“ती उठायला गेली, बुवा. खरंच गेली. डाव्या हातानं बाजेची दांडी धरली, आणि… पडली.”

आत एस्तेरचं भांडं वाजायचं थांबलं.

“लागलं का तिला?”

“कोपराला. थोडंच. पण मी तिला काय म्हणालो, ते ऐका. मी म्हणालो, तुझाच विश्वास कमी पडतोय, रिबका.”

“ती काय म्हणाली?”

“तिला बोलता कुठं येतं!”

“तरी?”

“डाव्या हातानं माझं कपाळ पुसलं. मला घाम आला होता.”

बुवांनी मांडीवरची टरफलं खाली झटकली. कोंबड्या धावत आल्या, टरफलं बघून परत गेल्या.

“रात्रभर विचार केला,” शांतवन म्हणाला. “तिचा विश्वास कमी म्हणावं, तर तिच्याएवढं भाविक माणूस मी पाहिलं नाही. माझा कमी म्हणावं, तर मी लोकांसमोर कुठल्या तोंडानं उभा राहू? हे घ्या तुमचं. चिपळ्या, उपरणं. वही तेवढी माझी आहे, ती जाळीन.”

“जाळ. पण आधी ती ओळ ऐकव.”

“कुठली?”

“ज्या ओळीवर लोक रडतात, ती.”

“आता?”

“मग काय देवळात गर्दी जमवू?”

शांतवननं डोळे मिटले. सात महिन्यांत गायला नव्हता, पण आवाज होता तसाच होता. भरीव, उंच.

“त्याचा विश्वास पाहुनी, ऊठ म्हणे दयाघन…”

एस्तेर दारात येऊन उभी राहिली. वाटेनं जाणारं कुणीतरी थबकलं.

“पुन्हा,” बुवा म्हणाले.

“त्याचा विश्वास पाहुनी…”

“पुन्हा.”

शांतवननं डोळे उघडले. “चुकतंय का काही?”

“सूर चोख आहे. वही काढ. वहीत बघून म्हण.”

“मला तोंडपाठ आहे, बुवा.”

“ते मला माहीत आहे. म्हणूनच वहीत बघ.”

त्यानं वही काढली. पानं पिवळी पडली होती. ओळ सापडली. त्यानं वाचली. तेच होतं.

“आता मला ती गोष्ट सांग,” बुवा म्हणाले. “मी म्हातारा झालो. विसरलो असेन.”

“थट्टा करता.”

“सांग तर.”

शांतवन चिडल्यासारखा भराभर बोलू लागला. “येशू एका घरात शिकवत होता. दारात पाय ठेवायला जागा नाही, इतकी गर्दी. चौघांनी एका पक्षघाती माणसाला खाटेवर उचलून आणलं. आत शिरता येईना. मग ते छपरावर चढले, छप्पर उकरलं, आणि खाट येशूच्या पुढ्यात खाली सोडली.”

“ते छप्पर नंतर कुणी शाकारलं?”

“आँ?”

“काही नाही. शास्त्रात लिहिलेलं नाही. मला आपली घरधनिणीची काळजी वाटते. पुढं?”

एस्तेर पदराआड हसली. शांतवन हसला नाही.

“पुढं काय? येशूनं विश्वास पाहिला आणि त्याला उठवलं.”

“खाटेवरचा माणूस काय म्हणाला?”

“कधी?”

“कधीही. वर उचलताना, खाली सोडताना. येशूसमोर आल्यावर. काय म्हणाला तो?”

शांतवन आठवू लागला. ओठ हलले. आख्यानात त्यानं त्या माणसाच्या तोंडी दोन पदं घातली होती, अकरा कडव्यांची एक विनवणी घातली होती. पण ते सगळं त्याचं स्वतःचं. शास्त्रात…

“काहीच नाही म्हणत.”

“एक शब्दसुद्धा?”

“नाही.”

“त्याचा विश्वास होता की नव्हता?”

“ते… सांगितलेलं नाही.”

“मग येशूनं पाहिला तो कुणाचा?”

शांतवनची नजर वहीवर गेली. मग बुवांकडं. मग पुन्हा वहीवर.

बुवांनी एक ओली शेंग उचलली. तिच्यावरची माती अंगठ्यानं कुस्करली. करंगळीचं टोक त्या मातीत टेकवलं, आणि वहीतल्या ‘त्याचा’ या शब्दावर, ‘त्या’च्या डोक्यावर, हलकेच ठेवलं.

तांबडं टिंब उठलं.

“वाच.”

शांतवननं वाचलं. मनातल्या मनात.

“मोठ्यानं.”

“त्यांचा…”

आवाज फुटला नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला.

“त्यांचा विश्वास पाहुनी…”

पुढची ओळ आलीच नाही. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“त्या चौघांचा. उतरवून घेताना राहिलं असेल,” तो म्हणाला. “एवढंसं टिंब.”

“असेल.”

“या राहिलेल्या टिंबावर मी पंधरा वर्षं कीर्तन केलं! किती आजाऱ्यांना सांगितलं… तुमचा विश्वास वाढवा, तुम्ही उठाल. ती लोणी गावची म्हातारी आठवते? डोळे गेलेली? तिला मी सगळ्यांसमोर…” त्यानं वही मिटली. “बुवा, तुम्ही तर समोर बसून ऐकायचात. तुम्हाला कळलं नव्हतं?”

“पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“तू मध्ये श्वास घेतला असतास, तर सांगितलं असतं.”

दारातून एस्तेर म्हणाली, “मामंजी, पुरे आता.”

पण शांतवनला ते लागलं ते बरोबर जागी. कीर्तनकाराच्या मागं झीलकरी उभे असतात. पुढचा दमला, श्वासाला थांबला, की मागचे ओळ उचलतात, म्हणजे गाणं खाली पडत नाही. शांतवन थांबतच नसे. त्याचा दम मोठा. त्याच्या मागं दावीद गवंडी झील धरायचा. दोन वर्षांपूर्वी भर सभेत शांतवन मागं वळून त्याला म्हणाला होता, “तुझा आवाज माझ्या आड येतो.” दावीदनं झांजा खाली ठेवल्या आणि तो घरी गेला. तेव्हापासून शांतवनच्या मागं कुणी उभं राहिलं नव्हतं.

“चूक माझीही आहे,” बुवा हळू म्हणाले. “शिष्याचं नाव होतंय, म्हणून मला गोड वाटत होतं. त्या म्हातारीकडं आपण दोघं जाऊ. पाऊस उघडला आहे, रस्ता बरा असेल.”

शांतवननं मान डोलावली.

बुवांनी सोललेले दाणे त्याच्या ओंजळीत ओतले.

“खा.”

“आणि धरलेले चाळीस दिवस?”

“कुणासाठी धरलेस?”

शांतवननं एक दाणा तोंडात टाकला. मग दुसरा. ओल्या दाण्याची दुधाळ गोडी चाळीस दिवस कोरड्या पडलेल्या जिभेवर उतरली, आणि त्याचे डोळे भरून आले. एस्तेरनं खिरीची वाटी आणून ठेवली.

“उद्या कापणीचा सण,” बुवा म्हणाले.

“हो.”

कापणीच्या सणाला गावातले ख्रिस्ती लोक शेतातलं पहिलं पीक देवळात आणून ठेवत. कणसं, शेंगा, भोपळे, कुणी अंडी, कुणी हाताची गोधडी. देऊळ टेकडीवर, पायऱ्या एकोणीस. वेदीपुढं कणसांची कमान बांधायची ती दर वर्षी रिबकाच बांधायची.

“ती काय म्हणते?”

“तीन दिवस झाले, टेकडीकडं बोट दाखवते. डाव्या हाताचं.”

“मग?”

“लोक म्हणाले होते, बाजेवर घालून नेऊ. मी नको म्हटलं.”

“का रे?”

शांतवन वाटीकडं बघत म्हणाला, “कीर्तनकाराची बायको. सगळ्यांदेखत वर नेली… आणि तशीच खाली आणली, तर?”

“तर?”

“लोक म्हणतील, याचा देव…”

शांतवनच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला.

“मी तिला घरात कोंडलीय,” तो म्हणाला. “माझी अब्रू जाऊ नये म्हणून.”

“खीर संपव. मग दावीदकडं जा.”

“दावीदकडं? बुवा, दुसऱ्या कुणालाही सांगा. त्याच्या दारात मी कसा…”

“माणसं मी बोलावणार नाही. खाट तुझ्या घरची आहे.”

शांतवन उठला. वही काखेत मारली, पिशवी ओट्यावरच राहिली. परत करायची म्हणून ठेवली, की न्यायची विसरला, कोण जाणे.

दावीद गवंडी आपल्या घराच्या मागं चुना चाळत होता. अंगभर पांढरा झाला होता. शांतवनला बघून त्यानं चाळणी खाली ठेवली, पण या म्हणाला नाही.

वाटेत शांतवननं बोलायचं सगळं जुळवून ठेवलं होतं. आख्यानासारखं, आधी हे, मग ते. समोर आल्यावर त्यातलं काहीच जागेवर सापडेना.

“दावीद… रिबकाला उद्या देवळात न्यायचंय. माझ्या एकट्यानं होत नाही.”

दावीदनं हात झटकले. चुन्याचा धुरळा उडाला.

“आणि मी तुला तेव्हा जे बोललो…”

“किती वाजता?” दावीद म्हणाला.

“आँ?”

“किती वाजता यायचं? पायऱ्या अरुंद आहेत. उन्हाच्या आत चढलेलं बरं. माझा भाऊ आहे, मी आहे. रामा कुंभाराला सांगतो. त्याला देवळाचं काही नाही, पण खांदा चांगलाय. चौथा बघू.”

“दावीद, मी चुकलो.”

“ते मला दोन वर्षांपूर्वीच माहीत होतं. आता बाजेच्या दोरीची दावण घट्ट आहे का, ते सांग. पायऱ्यांवर सैल पडली, तर वहिनी घसरतील.”

घरी आल्यावर शांतवन रिबकाच्या उशाशी बसला. तिच्या कोपराला हळद लावलेली होती.

“तुझा नाही कमी पडला,” तो म्हणाला. “माझं टिंब राहिलं होतं.”

तिला काही कळेना. तिनं भुवया उंचावल्या.

त्यानं वही उघडून दाखवली. मातीचं टिंब वाळलं होतं, पण होतं. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिनं ते बघितलं, ओळीवरून डावं बोट फिरवलं, टिंबापाशी थांबवलं. मग तिचं अर्धं तोंड हसू लागलं. अर्धंच. पण सात महिन्यांत तेवढं हसू त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं.

“उद्या देवळात जायचंय,” तो म्हणाला. “दावीद येतोय. लुगडं कुठलं काढू?”

तिनं पेटीकडं बोट दाखवलं. त्यानं एक काढलं, तिनं मान हलवली. दुसरं काढलं, ते नको. तिसरं नको. सातव्याला तिनं मान डोलावली. ते पेटीच्या अगदी तळाशी होतं.

“हे आधी नव्हतं का सांगता येत?” शांतवन म्हणाला, आणि दोघंही हसली.

सकाळी चौघे आले. चौथा म्हणून शाळेतले आनंदराव मास्तर आले होते, धोतराचा काचा मारून. शेजारणी आत शिरल्या, आणि या वेळी त्यांना कुणी वाटेला लावलं नाही. एकीनं वेणी नीट केली. “पुरुषानं घातलेली वेणी लांबून ओळखू येते गं बाई,” ती म्हणाली, आणि रिबकानं डोळे मोठे करून तिला दुजोरा दिला.

उचलताना रामा कुंभार म्हणाला, “वहिनी, मडकी वाहून वाहून माझा खांदा नीट झालाय. आजवर एकही फुटलं नाही. बिनघोर बसा.”

“वहिनींच्या लग्नात तूच माठ फोडला होतास,” दावीद म्हणाला.

“तो माठ कच्चा होता!”

बाज हलत हलत निघाली. टेकडीच्या पायथ्याशी थोमाबुवा काठी टेकून उभे होते. एस्तेरच्या डोक्यावर शेंगांची पाटी होती. पायऱ्यांवर माणसंच माणसं, कुणाच्या हातात कणसं, कुणाच्या काखेत भोपळा. सगळे बाजूला सरकले. कुणी काही म्हणालं नाही. एका बाईनं येऊन रिबकाच्या मांडीवर ज्वारीची कणसं ठेवली आणि सुतळीचा गुंडा ठेवला. कमान अजून बांधायची होती.

रिबकानं डाव्या हातानं कणसं कवटाळली. खाली पडू नयेत म्हणून.

पहिली पायरी आली. पुढचे दोघे वाकले, मागच्यांनी बाज खांद्यापर्यंत उचलली. दावीदनं सवयीनं एक ओळ धरली, जुन्या भजनातली. रामाला शब्द येत नव्हते, तो नुसताच हुंकार देत होता.

शांतवन मागून धावत आला. तो बाजेच्या या बाजूला गेला, त्या बाजूला गेला. चारही कोपऱ्यांना खांदे लागलेले. मध्ये दांडी धरावी, तर वाट अरुंद. तो बुवांकडं वळला. कपाळावर घाम होता.

“बुवा… मी कुठं धरू?”

थोमाबुवांनी वर चढत जाणाऱ्या बाजेकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

“खाटेला चारच कोपरे असतात, शांतवन. तू नुसता ये.”